जुळवून लिहिलेलं इंग्रजी

मानसशास्त्राचं इंग्रजी शिकवायला आम्हाला जे सर होते, त्यांना मानसशास्त्र बेताचंच येत होतं आणि इंग्रजी त्याहून बेताचं. हे मी आज मागाहून शहाणी होऊन म्हणत नाही. तेव्हाही वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाचंच काही अडत नव्हतं. वाशिमच्या एका कॉलेजात एम.ए.ला आम्ही चौदा जण होतो. बी.ए. सगळ्यांचं मराठीतून झालेलं. पेपर मराठीत लिहिला तरी चालायचा, पण पुस्तकं इंग्रजी, प्रश्नावल्या इंग्रजी, आणि प्रॅक्टिकलची फाइल तर इंग्रजीतच पाहिजे. म्हणून कॉलेजनं दर शनिवारी एक जादा तास ठेवला होता. त्या तासाचं सर्टिफिकेटही मिळायचं, सोनेरी काठाचं. शिकवणं कसं होतं ते विचारू नका, काठ मात्र झकास होता.

सर फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचे आणि उजवीकडे मराठी. कंडिशनिंग म्हणजे अभिसंधान. रिइन्फोर्समेंट म्हणजे प्रबलन. डिप्रेशन म्हणजे अवसाद. आम्ही उतरवून घ्यायचो. म्हणजे एक न कळणारा शब्द दुसऱ्या न कळणाऱ्या शब्दानं समजावायचा, आणि दोन्ही पाठ करायचे. माझी आई मालेगावच्या बाजारात आमच्याच मळ्यातली मेथी-वांगी विकते. तिच्यापुढे मी एकदा मुद्दाम प्रबलन म्हटलं, तर ती म्हणाली, "हे कोणतं खत होय वं?" एकदा मी सरांना उभी राहून विचारलं, "सर, पण याचा अर्थ काय?" त्यांनी खडू फळ्यावर आपटला. "लिहिला ना उजवीकडे!" वर्ग हसला. सरांना नाही, मला.

तेव्हापासून त्या वर्गाला मी कवडीची किंमत दिली नाही. मी ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. ते इतकं कोरं होतं, की माझ्याआधी त्याला झुरळांशिवाय कोणी हात लावला नसावा. एक रजिस्टर केलं. त्यात शब्द, मग त्याचा वापर, मग माझ्या भाषेत तो काय ते लिहायची. अँग्झायटीपुढे मी अवघड काही लिहिलं नाही. 'जीव खालीवर होऊन राह्यला' एवढंच लिहिलं. मालेगाव ते वाशिम एस.टी.त उभ्या उभ्या मी ते वाचायची. बाकीच्या पोरी मोबाइलवर लग्नाच्या साड्या पाहायच्या. मी त्यांच्याकडे पाहायची आणि मनात म्हणायची, बसा तशाच. सहा महिन्यांत मी त्या पुस्तकातली पानंच्या पानं न अडखळता वाचू लागले आणि नाकानं कांदे सोलू लागले.

आमच्यातच केनवडची एक मुलगी होती. ती सकाळी केनवडहून मालेगावला यायची आणि तिथून आम्ही एकाच गाडीनं पुढे जायचो. अंगानं बारीक, बोलणं कमी. शेजारी बसली तरी आहे की नाही कळू नये अशी. तीन महिने ती माझ्याशी 'गाडी आली' याच्यापलीकडे बोलली नव्हती. मग एके दिवशी माझ्या रजिस्टरात डोकावून म्हणाली, "तुले हे सगळं खरंच समजते का वं?"

"समजते म्हणूनच लेहते."

"मंग मले एक सांग. माणसाले काहीच करावं वाटत नसलं, अंग हलतच नसलं, तं त्याले इंग्रजीत काय म्हणते?"

मी सांगितलं. दोन शब्द सांगितले, वर व्याख्याही सांगितली, कारण मला सांगायची खाज होती. तिनं मान हलवली आणि मग जे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं. घरी तिचं म्हणणं कोणी खरं मानत नव्हतं. कित्येकदा ती सकाळी उठत नाही, जेवत नाही, बसल्या बसल्या रडते, तर आई म्हणायची नाटकं करते, आणि भाऊ म्हणायचा अंगात मस्ती आहे, कामाचा कंटाळा आहे. भावाचं घरात चालायचं. गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान होतं आणि छापलेल्या इंग्रजी कागदापुढे तो देवापुढे वाकावा तसा वाकायचा. "मी हा विषय याच्यासाठीच घेतला," ती म्हणाली. "मले काय होऊन राह्यलं ते इंग्रजीत कोणी लेहून देलं, तं तो मानते. मंग तोच दवाखान्यात नेईन."

एम.ए.ला येण्याचं याहून सरळ कारण मी त्या वर्गात कोणाकडून ऐकलं नाही. बाकीच्यांना नावापुढे दोन अक्षरं पाहिजे होती, काहींना स्थळासाठी, काहींना शिक्षक भरतीसाठी. तिला एक कागद पाहिजे होता.

आता त्या प्रॅक्टिकल फाइलीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रॅक्टिकल म्हणजे दोघांची जोडी. एक जण प्रयोग घेणारा, दुसरा 'सब्जेक्ट', म्हणजे ज्याच्यावर प्रयोग घ्यायचा तो. प्रश्नावली द्यायची, उत्तरं घ्यायची, आकडे मांडायचे आणि इंग्रजीत निष्कर्ष लिहायचा. असं पुस्तकात. आमच्याकडे कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे एक 'मास्टर फाइल' होती. कोण जाणे किती वर्षांपूर्वी कोण्या हुशार पोरीनं लिहिलेली. सगळे प्रयोग, सगळे आकडे, सगळं इंग्रजी त्यात तयार. वर्ग ती झेरॉक्स करून घ्यायचा आणि उतरवायचा. सरही तीच समोर ठेवून तपासायचे. आकडा वेगळा दिसला की लाल गोल. "जुळवून आणा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रयोग मागच्या फाइलीशी जुळला म्हणजे बरोबर, नाही जुळला म्हणजे तुम्हाला प्रयोग येत नाही.

आणि उतरवणाऱ्यांची अक्कल किती म्हणावी! त्या मूळ पोरीची सब्जेक्ट एकवीस वर्षांची, अविवाहित मुलगी होती. झालं, मी सोडून वर्गातल्या सगळ्यांचे सब्जेक्ट एकवीस वर्षांच्या अविवाहित मुली झाले. मेडशीचा एक गडी होता, चांगल्या पिळदार मिशा, दोन लेकरांचा बाप. त्याच्या जोडीदारानं त्यालाही फाइलीत एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी केलं आणि खाली झोकात लिहिलं, 'द सब्जेक्ट वॉज शाय, बट शी कोऑपरेटेड.' सरांनी त्यावर बरोबरची खूण करून सही ठोकली. मी ते पान पाहून पोट धरून हसले. त्या मिशावाल्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "जाऊ दे नं बाप्पा, मार्क भेटले का नाई?" मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, की आमच्या कॉलेजात माणसं नाहीत, झेरॉक्स मशिनी आहेत.

मी मास्टर फाइल घेतली नाही. माझं इंग्रजी माझं होतं. मी प्रत्येक प्रयोग खराच करायचा ठरवला होता. माझी जोडीदार केनवडची, म्हणून सब्जेक्टही तीच.

उदासी मोजायच्या प्रश्नावलीचा दिवस आला. आमची प्रयोगशाळा म्हणजे भूगोलाचे जुने नकाशे ठेवायची खोली. बाकीच्या जोड्या तिकडे बसून झेरॉक्स उतरवत होत्या, चिवडा खात होत्या. आम्ही दोघी कोपऱ्यात. प्रश्न इंग्रजीत, खाली सरांनी करून दिलेलं मराठी. 'आपणांस जीवन निरर्थक भासते काय?' मी वाचलं. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. असं आमच्याकडे कोणी कोणाला विचारतं का? मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "सकाळी उठावं वाटते का वं तुले?"

"नाई वाटत. पाय खाली ठेवला की वाटते, कायले ठेवला."

मग ती बोलतच गेली. भूक लागते पण घास तोंडातच फिरत राहतो. बाया हसतात तेव्हा आपल्यालाही हसावं लागतं, मग गाल दुखतात. शेतात तुरीच्या ओळीत बसून राहावं आणि कोणी शोधूच नये असं वाटतं. मी एकेक उत्तर आकड्यात बसवत गेले. मला तेव्हा काय वाटत होतं, खरं सांगू? आनंद. पुस्तकात वाचलेलं सगळं, एकेक लक्षण, माझ्यासमोर बसून वऱ्हाडीत बोलत होतं, आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या अख्ख्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. ती रडत होती आणि मी भराभर लिहीत होते. थू त्या हुशारीवर.

आकडा आला चौतीस. पुस्तकाप्रमाणे असा आकडा आलेल्या माणसाला डॉक्टरकडे पाठवतात. मी दोन पानं निष्कर्ष लिहिला, स्वच्छ, नेटका. तिला सांगितलं, "तुयं पान तयार होऊन राह्यलं." ती म्हणाली, "सही झाली की मले दे. भावाले दाखवीन." इतक्या दिवसांत तेव्हा पहिल्यांदा तिनं माझा हात धरला.

सरांनी फाइल उघडली. मास्टर फाइलीत नऊ, माझ्याकडे चौतीस. लाल गोल. मी म्हटलं, "सर, खरंच एवढा आला. मी स्वतः घेतली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढा येत नाही. आमच्या कॉलेजात आजवर कोणाचा आला नाही." मी पुन्हा तोंड उघडलं. मग ते खालच्या आवाजात, अगदी प्रेमानं म्हणाले, "हे पाहा, तुमची लँग्वेज फार सुंदर आहे. बाहेरून परीक्षक येतील, त्यांना मी तुमचीच फाइल आधी दाखवणार आहे. एवढा एक आकडा जुळवून आणा. उगाच प्रश्न कशाला?"

मी काय करायला पाहिजे होतं ते मला शिकवू नका, मला ठाऊक आहे. ज्या माणसाची अक्कल मी वर्षभर रोज काढत होते, त्यानं माझ्या इंग्रजीला सुंदर म्हटलं आणि मी विरघळले. त्याच दिवशी दुपारी त्याच नकाशांच्या खोलीत बसून मी चौतीसचे नऊ केले. नुसता आकडा बदलला असता तरी एक वेळ ठीक. पण मला तेवढ्यावर भागणार होतं का! मी निष्कर्ष नव्यानं लिहिला. सब्जेक्टला अधूनमधून थकवा जाणवतो, पण तो तिच्या वयाला व परिस्थितीला साजेसा आहे, तिची मानसिक स्थिती 'वेल विदिन द नॉर्मल रेंज' आहे, असं अख्खं पान. एकही खाडाखोड नाही. झेरॉक्स उतरवणारे निदान काय लिहितोय हे न कळता लिहीत होते. मला प्रत्येक शब्दाचा अर्थ येत होता.

सरांनी सही केली, शिक्का मारला, 'व्हेरी गुड' लिहिलं.

संध्याकाळी स्टँडवर तिनं पान मागितलं. मला वाटलं, देऊ नये. मग वाटलं, न देऊन काय सांगू? शेवटी मी स्वतःची समजूत काढली, की नॉर्मल वाचून घरचे धीरानं घेतील, तिलाही बरं वाटेल. किती सोयीचं! तिनं स्टँडसमोर जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणली. "काय लेहलं वं यात?" तिनं विचारलं. तेवढ्यात गाडी लागली. मी म्हटलं, "चांगलंच लेहलं आहे," आणि जागा धरायला पुढे पळाले.

तोंडी परीक्षेला ती आली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी फाइल चाळली, दोन प्रश्न इंग्रजीत विचारले, मी फाडफाड उत्तरं दिली. ते सरांना म्हणाले, "ग्रामीण भागात असं इंग्रजी!" सर असे फुलले, जणू त्यांनीच मला घरी नेऊन शिकवलं. मला सगळ्यांत जास्त मार्क पडले. सोनेरी काठाचं सर्टिफिकेटही घरी आलं. आईनं ते कपाटाच्या काचेला आतून लावलं आणि भाजी घ्यायला येणाऱ्या बायांना सांगू लागली, "मायी पोट्टी डोक्याचं इंग्रजी शिकली."

केनवडच्या मुलीचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या वर्षाचे फॉर्म सुरू झाले तरी ती नाही. वर्गात विचारलं तर मिशावाला म्हणाला, "लग्न ठरलं असंन." दुसरी म्हणाली, "तिचं तं तसंही काही खरं नव्हतं." कोणाच्या घशात घास अडला नाही. मी फॉर्म भरला आणि त्याच दिवशी परत येताना मालेगावला उतरून घरी न जाता केनवडची गाडी धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही, भावाच्या दुकानावरून कोणीही सांगितलं असतं. दुकानात तो नव्हता. घरी ओसरीवर तिची आई सुपात तूर पाखडत होती. मी कॉलेजातली मैत्रीण म्हटल्यावर तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली. मुलगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली. मी तिला ओळखलं, पण ओळखायला एक क्षण गेला. केस कापलेले, हाताची हाडं वर आलेली. माझ्याकडे पाहून हसली आणि लगेच तिचा चेहरा थकला.

"कॉलेजात काहून नाई आली?" मी विचारलं. उत्तर आईनं दिलं.

"काय सांगू बाई. हे असंच. पयले आमाले वाटे, काही बिमारी तं नसंन? अकोल्याले न्याव म्हणून भावानं पैशे बी काढून ठेवले होते. पण मंग तिनंच तो कागद आणला नं कॉलेजातून. भावानं वाचला. इंग्रजीत लेहून होतं, सायबाची सही होती, शिक्का होता. सगळं नॉर्मल. मंग तो म्हणे, पाह्य, मोठ्या शिकलेल्यायनं तपासलं, काहीच नाई निघालं. आता हिचं ऐकूच नोका." तिनं सूप झटकलं. "तवापासून आमी नाई ऐकत. उठवतो, कामाले लावतो. नाई उठली तं बोलतो. त्यानं मारलं बी एक-दोन खेपा."

मी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय तशी.

"तुले माहीत होतं, तू काय सांगितलं होतं," मी म्हटलं. "तू त्याले काहून नाई म्हटलं, की हे बरोबर नाई?"

"मी कसं म्हणू?" ती म्हणाली. "मले वाटलं, तू सगळं लेहून घेतलं, हिशेब केला, आन् मंग नॉर्मल निघालं. म्हणजे सगळ्यायलेच असं होते. सगळ्यायलेच पाय खाली ठेवाव वाटत नाई, पण ते ठेवतात. मीच कामचोर."

माझ्याकडे त्या वेळी शब्दांनी भरलेलं रजिस्टर होतं, पिशवीतच होतं. पिशवी मी बाजूला ठेवली. मी तिच्यासमोर खाली बसले.

"तुये नंबर वेगळे होते," मी म्हटलं. "चौतीस आले होते. लय जास्त. पुस्तकात ज्याले दवाखान्यात न्याच लागते म्हणते, तितके. मी खोडून नऊ केले. ते पान खोटं आहे. मी लेहलं ते."

"काहून?"

"सरानं म्हटलं जुळवून आण. मले मार्क पाहिजे होते."

ती ओरडली नाही, रडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या. तिनं माझ्याकडे पाहणंच सोडून दिलं आणि भिंतीचा आधार घेत उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "ऐकलं काय? मी नाटकं नोती करत."

तिच्या आईनं सूप खाली ठेवलं. मग ती उठली, आत गेली, लेकीची चप्पल शोधून आणली आणि तिच्या पायापुढे ठेवली. "घाल," म्हणाली, "अकोल्याची गाडी आता भेटते." दोघी माझ्यासमोरून पायऱ्या उतरून गेल्या. मला कोणी चाल म्हटलं नाही.